फोटोचा मालक

"डॉ. पुरुषोत्तम खांबेटे हे मितभाषी, निर्व्यसनी आणि ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व होते. रुग्णाकडे पाहण्याची त्यांना कधी गरजच भासत नसे. कोलशेतच्या एका कोळी तरुणाची क्ष-किरण फिल्म हाती येताच, ठाण्यातील नामवंतांनी केलेले क्षयाचे निदान सरांनी एका दृष्टिक्षेपात खोडून काढले आणि 'हा कांजिण्यांचा न्यूमोनिया आहे' असे शांतपणे सांगितले. या घटनेनंतर सर अंतर्मुख झाले व काही काळ त्यांनी कोणाचीही भेट घेतली नाही."

हा उतारा आमच्या डॉक्टर मंडळींनी काढलेल्या स्मरणिकेतील आहे. लेखक डॉ. निखिल रेगे. खांबेट्यांचे नाव, कोलशेत हे गाव आणि आजाराचे नाव, एवढे तीनच तपशील यात बरोबर आहेत. बाकीचा मजकूर वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. दोष काचांचा नव्हता. डॉ. रेगे सज्जन आहेत, त्यांचे अक्षर चांगले आहे आणि समारंभात ते वेळेवर येतात. परंतु ज्या प्रसंगाचे त्यांनी वर्णन केले आहे त्या वेळी ते शाळेत होते, आणि मी तेथे हजर होतो. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

मी उभी हयात कळव्यात दवाखाना चालवला. खांबेट्या माझा वैद्यकीय शिक्षणापासूनचा मित्र. त्याला 'सर' म्हणणारी पिढी फार नंतर आली. मी त्याला खांबेट्या म्हणे, तो मला दातार्‍या म्हणे, आणि परस्परांच्या गैरहजेरीत आम्ही याहून वाईट बोलत असू.

त्याचा एक्स-रेचा दवाखाना कल्याणच्या बाजारपेठेत, लाल मिरचीच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गाळ्यावर होता. मागच्याच दोन खोल्यांत तो आणि सुमनवहिनी राहत. छातीचा फोटो काढायला येणाऱ्या खोकणाऱ्या माणसांसाठी याहून गैरसोयीची जागा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडली नसती. खाली पोती उपसली की खकाणा जिन्याने वर चढे आणि यंत्रापुढे श्वास धरून उभ्या असलेल्या माणसाला नेमकी शिंक येई. मग हे मितभाषी व्यक्तिमत्त्व खिडकीतून अर्धे बाहेर वाकून गर्जना करी :

"शेटजी, पोती थांबवा! वर एक बाई श्वास धरून उभ्या आहेत!"

"डॉक्टर, तुमचा रोजचाच हाय," खालून उत्तर येई. "बाईंना सांगा, अजून जरा धरा. ट्रक खाली करतोय."

मितभाषी! फोटो काढतानाची त्याची बडबड ऐकायला शेजारचे दुकानदार जिन्यात येऊन बसत. "छाती पुढे. हनुवटी वर. खांदे पुढे ढकला. लग्नाचा फोटो नाही, हसू नका. आता श्वास घ्या... धरा... सासूबाई बोलतायत असं समजा, तोंड अजिबात उघडायचं नाही... सोडा! झालं. सासूबाई गेल्या."

निर्व्यसनीपणाविषयी एवढेच सांगतो की, 'येथे धूम्रपान करू नये' ही पाटी त्याने स्वतः रंगवली होती आणि तिच्या खिळ्याला त्याची काड्यापेटी टांगलेली असे. एखाद्या विडी ओढणाऱ्याला तो त्याचाच फोटो उजेडात धरून दाखवी, "हे बघा, धुरानं फुप्फुसाचं काय होतं," आणि दाखवताना राख त्या फोटोवरच पडे. एकाने धीर करून विचारले, "आणि डॉक्टर, तुम्ही ओढता ते?" खांबेट्या म्हणाला, "मी माझा फोटो कधी काढत नाही." हे वाक्य पुढे त्याच्याच अंगाशी आले, ते यथावकाश सांगेन.

ऋषितुल्य म्हणावे तर, कोणत्याही ऋषीने फिल्म वाळवण्याच्या पेटीत आपले मोजे वाळवल्याचे माझ्या वाचनात नाही. एका स्थानिक पुढाऱ्याच्या छातीच्या फोटोवर त्याने इंग्रजीत रीतसर अहवाल लिहिला आणि खाली मराठीत एक ओळ जोडली, "हृदय आढळले." पुढाऱ्याने तो कागद मोठ्या कौतुकाने चारचौघांत वाचून दाखवला. ती थट्टा आहे हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही, कारण सांगणाऱ्याला त्या थट्टेत सामील धरले असते.

आता रुग्णाकडे पाहण्याची गरज नसण्याविषयी. येथे डॉ. रेग्यांनी निव्वळ चूक केलेली नाही, त्यांनी माणूस उलटा टांगला आहे.

आमच्याकडे एक पद्धत होती आणि अजून आहे. आजारी माणूस घरी झोपलेला असतो आणि त्याचा फोटो काखेत मारून भाऊ, मेहुणा, शेजारी असा कोणीतरी डॉक्टर डॉक्टर फिरतो. डॉक्टर फोटो खिडकीकडे धरतात, मान हलवतात, औषध लिहितात. औषध घरी जाते. रोगी आणि डॉक्टर यांची भेट होईलच असे नाही. खांबेट्याला या पद्धतीचा तिटकारा होता. काखेतला फोटो टेबलावर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मालक कुठाय?"

"कोण मालक?"

"या फोटोचा. आधी मालक आणा. ही नुसती सावली आहे, सावलीला विचारून कोणी सोयरीक ठरवतं का?"

हा हट्ट त्याला एका प्रकरणातून जडला होता. एका कारखान्याने नोकरीसाठी निवडलेल्या उमेदवाराचा छातीचा फोटो त्याच्याकडे अभिप्रायाला पाठवला. फुप्फुसे निर्मळ. खांबेट्याने उमेदवाराला बोलावून घेतले, समोर बसवले, चहा पाजला आणि म्हणाला, "नोकरी तुमच्या बायकोला द्यायला सांगतो." उमेदवार पांढराफटक पडला. स्वतःला जुना खोकला असल्याने त्याने पत्नीचा फोटो आपला म्हणून दिला होता. छातीच्या फोटोत बाई आणि पुरुष यांत जो फरक दिसतो तो दिसायला डॉक्टर असण्याचीही गरज नसते, परंतु तत्पूर्वी तो फोटो ज्यांच्या ज्यांच्या हातून गेला त्यांनी फुप्फुसांपलीकडे पाहिलेच नव्हते. मग खांबेट्याने त्या माणसाचा स्वतःचा फोटो काढला. त्यात घाबरण्यासारखे काहीही नव्हते. "अरे गाढवा, तुझा चांगला निघाला की! बायकोला कशाला उभी केलीस?" नोकरी त्यालाच मिळाली. खांबेट्याने कारखान्याला काय कळवले ते मी विचारले नाही.

ही पार्श्वभूमी ठेवून कोलशेतकडे वळतो. साल ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचे.

मोरेश्वर नावाचा कोलशेतचा एक कोळी कळव्याच्या बाजारात मासळी विकायला येई, आणि ताप-खोकल्याला माझ्याकडे येई. एके सकाळी तो टोपल्या न घेता आला. काखेत फोटो. धाकटा भाऊ जनार्दन खाडीवर जाळे टाकणारा, अंगाने धट्टाकट्टा, विड्या ओढणारा. त्याला ताप आला आणि पाठोपाठ धाप लागली. मोरेश्वरने ठाण्यात त्याचा फोटो काढून घेतला आणि तो तेथील एका बड्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या चालू होत्या आणि धाप वाढत होती.

"डॉक्टर, आता तो बोलताना मधीच थांबतंय," मोरेश्वर म्हणाला. "वाक्य पुरं होत नाय त्याचा."

मी फोटो पाहिला. दोन्ही फुप्फुसांवर कोणी मूठभर रवा उधळावा तसे बारीक, पुसट कडांचे ठिपके. क्षय रक्तावाटे छातीभर पसरला की फोटो असा दिसतो. पण विषाणूंच्या न्यूमोनियातही तो असा दिसू शकतो, आणि त्या काळ्यापांढऱ्या सावलीत दोघांचे चेहरे सख्ख्या भावांसारखे असतात. मला खटकली ती घाई. क्षय माणसाला सावकाश खातो. धडधाकट कोळ्याला तो चार दिवसांत आडवा करत नाही. ही शंका माझी होती आणि फोटो कल्याणला न्यायचा निर्णयही माझा होता. स्मरणिकेत माझा उल्लेख 'एक स्थानिक डॉक्टर' असा आहे.

खांबेट्याने फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, सिगारेट पेटवली, बराच वेळ पाहिला. आता डॉ. रेग्यांनी लक्ष देऊन वाचावे. तो म्हणाला, "दातार्‍या, नुसत्या फोटोवर विचारशील तर मीही क्षयच म्हणेन."

हा तो दृष्टिक्षेप.

मग तो मोरेश्वरकडे वळला. "मालक कुठाय?"

"घरी हाय."

"घेऊन ये."

"नाय आणता येनार."

"का? चालवत नसेल तर रिक्षा कर."

मोरेश्वर जमिनीकडे पाहू लागला. "आईस सोडनार नाय. फोटोला नेलेला तोसुदा आईसच्या चोरून. ती देवलात गेलेली, तवा रिक्षात घातला. आता ती दारातच बसलेली असते."

"का पण?"

त्याने उत्तर दिले नाही. खांबेट्याने दुसऱ्या अंगाने प्रयत्न केला. "बरं, फोटो काढणाऱ्यानं त्याला पाहिलं ना? तो काही म्हणाला?"

"नाय. हात जोडलंन फकस्त."

"तुला हात जोडले?"

"जनार्दनला."

खांबेट्याने सिगारेट विझवली. अर्धी सिगारेट विझवताना मी त्याला त्यापूर्वी पाहिले नव्हते. "फोटो काढणारा माणूस रोग्याला हात जोडतो," तो मला म्हणाला. "बूट घाल."

आम्ही तिघे गाडीने ठाण्याला आणि तेथून रिक्षाने कोलशेतला गेलो. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. उंबऱ्यावर मोरेश्वरची आई, हिराबाय, पाय रोवून बसली होती.

"थांबा. घरान बाय आलीय. चपला भायेरच काडा, पाय धुवा. नी आत कोन येऊ नका."

बाय म्हणजे देवी. अंगावर फोड उठले की आमच्या लोकांच्या लेखी ती देवीची भेट असते. ती घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, रोग्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, डॉक्टर आणायचा नाही, आणि मुख्य म्हणजे आजाराचे नाव उच्चारायचे नाही. मोरेश्वरने ते ना ठाण्याच्या डॉक्टरांपुढे उच्चारले, ना माझ्यापुढे. फोटो काढणाऱ्याने जनार्दनच्या अंगावरची शाल दूर केली, फोड पाहिले, भक्तिभावाने नमस्कार केला, उत्तम फोटो काढला आणि मौन पाळले. साऱ्या जगाला उघड्या डोळ्यांनी दिसणारी गोष्ट अशी भक्तीने झाकली गेली आणि छातीच्या आतली सावली तेवढी गावोगाव फिरली.

खांबेट्याने मुकाट्याने पाय धुतले आणि हिराबाय उठायच्या आत तिच्या बाजूने घरात शिरला. मी मागोमाग. जनार्दन खाटेवर टेकून बसला होता, आडवे होता येत नव्हते. कपाळापासून पोटापर्यंत कांजिण्यांचे पाणीदार फोड. ओठ निळसर.

"दातार्‍या," खांबेट्या म्हणाला, "फोटो बाहेरच छापलेला आहे! आणि आपण आतला उजेडाला धरून बसलोय!"

त्याने जनार्दनच्या छातीला आपला कान लावला. होय, कान. नळी तो कधी बाळगत नसे. मग तो हिराबायपुढे जमिनीवर बसला.

"आई, बायचा मान कुठं? अंगावर ना?"

"अंगावरच."

"मग ऐका. ती छातीत उतरलीय. मी फोटोत पाहिलीय, जशी बाहेर तशी आत. रागावली नाहीये, वाट चुकलीय. पोराला श्वास घ्यायला आत जागा उरली नाही. त्याला नळीनं वारा द्यायला पाहिजे. तो हॉस्पिटलात मिळतो, घरात नाही."

"तां सुई टोचतील. बाय कोपल."

"न्यायला नाही म्हणालात तर मोरेश्वर उद्या कळव्याला येईल तो एकटाच उरलेला भाऊ म्हणून येईल."

जनार्दनचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हिराबायने पदर तोंडाला लावला. "मी तिला काय सांगू?" ती म्हणाली. "तिने इचारला, माझा पावना कुनी हलवला, तर काय सांगू?"

यावर जे घडले त्याला डॉ. रेगे 'शांतपणे सांगितले' असे म्हणतात. खांबेट्या उठला, खाटेपुढे उभा राहिला, हात जोडले आणि खिडकीतून मिरचीवाल्याला हाक मारायच्या आवाजात बोलला : "बाई! पोराला मी नेतोय. आईचा यात काही दोष नाही. राग आला तर माझ्याकडे या. खांबेटे, कल्याण, मिरचीवाल्याच्या वर. जिना अरुंद आहे, जपून!"

बाहेर जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी फिसकन हसले. हिराबाय हसली नाही. ती उठली आणि उंबऱ्यावरून बाजूला झाली.

त्याच रिक्षातून जनार्दनला आम्ही ठाण्याच्या इस्पितळात नेले. खांबेट्याने त्याला सारा रस्ता आपल्या खांद्यावर टेकवून धरला होता. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या, प्राणवायू सुरू झाला, विषाणूवरचे औषध तेव्हा नुकतेच मिळू लागले होते तेही मिळाले. पहिले काही दिवस कठीण गेले. मग एका सकाळी जनार्दनने एक पूर्ण वाक्य बोलून दाखवले. ते वाक्य विडी मागण्याचे होते.

पुढे कित्येक वर्षे तो चिंबोऱ्या आणून देत असे. सुमनवहिनींच्या स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्या माझ्या कंपाउंडरच्या घरी शिजत आणि ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व तेथे नांग्या फोडत बसे.

इस्पितळातून परतताना मी खांबेट्याला विचारले होते, "तुला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात ना?"

"आई म्हणायची, गेल्यात," तो म्हणाला. "पण शाळेत घालताना तिनं माझं वयही खोटंच सांगितलं होतं."

"गेल्या नसतील तर?"

"नसतील तर आता काय, पत्ता देऊन बसलोय."

यानंतर तो अंतर्मुख झाला, असे स्मरणिका म्हणते. घडले ते असे. पंधरवडा उलटल्यावर त्याचा फोन आला. "दातार्‍या, पाहुण्या आल्या. जिना सापडला त्यांना."

मी गेलो तर हा डोक्यापासून तळपायापर्यंत फोडांनी भरलेला, खोकणारा, आणि स्वतःच्या छातीचा ताजा फोटो हातात. आयुष्यातला पहिला. "फोटो बघितला, मग आरशात मालक बघितला," तो धापा टाकत म्हणाला. "जुळतात. वर धुराची कृपा आहेच." त्याने कोणाची भेट घेतली नाही हे खरे आहे, त्या अवस्थेत त्याला कोणी भेटायला येईनाही. आली ती एकटी हिराबाय. हिरवा खण, नारळ आणि दहीभात घेऊन ती जिना चढली, सुमनवहिनींना म्हणाली, "फोडनी देव नको हां, बाय," आणि खांबेट्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"मला कसले हात जोडता?"

"तुमाला नाय. तिला. तुमीच पत्ता दिलाव ना? माझे पोरासाटी दिलाव." मग ती खाटेच्या कडेला बसून रडली आणि रडून झाल्यावर वहिनींना लिंबाच्या पाल्याची उशी कशी करायची ते शिकवून गेली.

खाली शेटजींनी पोती उपसणे आपणहून बंद केले. वर देवी असताना खकाणा उडवायची त्यांची छाती नव्हती. खांबेट्याला याचाच अधिक संताप आला. "इतकी वर्षं बोंबलतोय, ऐकलं नाही. बाई आल्या, एका दिवसात ऐकलं!"

तो बरा झाला. सिगारेट महिनाभर सुटली.

मी त्याला शेवटचे पाहिले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ठाण्याच्या एका इस्पितळात. हृदय थकले होते. तेव्हा ते खरोखरच आढळत होते, आणि आकार सामान्य नव्हता. मी खाटेशी बसलो असताना एक तरतरीत तरुण डॉक्टर त्याच्या छातीचा फोटो घेऊन आले, खिडकीकडे धरला आणि अदबीने म्हणाले, "सर, दोन्ही फुप्फुसांत चुन्याचे बारीक बारीक ठिपके आहेत. तुम्हाला पूर्वी क्षय होऊन गेलेला दिसतोय."

"असं का?" खांबेट्या म्हणाला. "बरं."

मी तोंड उघडले, तोच त्याने पांघरुणाखालून मला चिमटा काढला. "बोलू नकोस, दातार्‍या," तो कुजबुजला. "मालकाला विचारतो का, बघू."

तरुण डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले, 'काळजी घ्या सर' म्हणाले आणि गेले. खांबेट्या हसता हसता खोकला आणि खोकता खोकता हसला. पंखा बंद होता. त्याने उशाशी ठेवून गेलेला तो फोटो उचलला आणि आपल्याच छातीच्या फोटोने वारा घेत बसला. मी दारातून वळून पाहिले तेव्हाही तो तसाच वारा घेत होता. दोनच दिवसांनी तो गेला.

ते तरुण डॉक्टर म्हणजे स्मरणिकेचे लेखक डॉ. निखिल रेगे. ज्या पुराव्याने त्यांचा उतारा खोटा ठरतो तो त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकीकडे धरला होता. मोठ्या वयात कांजिण्या छातीत उतरून गेल्या की त्या जागी पुढे चुन्याचे असे कण राहतात आणि ते जात नाहीत. खांबेट्याने कोलशेतला जाऊन त्या खाटेशेजारी बसून, त्या छातीला कान लावून काय पाहिले याविषयी कोणी काहीही लिहो. फोटो पाहून कोणाला कांजिण्या होत नाहीत, आणि पुरुषोत्तम खांबेट्याच्या छातीत कोलशेतच्या कांजिण्या मरेपर्यंत होत्या.